पहाटेच्या चार नळ्या: पुण्यातल्या रुग्णालयांच्या ‘ताप पॅकेज’चं परीक्षण

जुलै ते ऑक्टोबर या काळात पुण्यातल्या मध्यम आकाराच्या कुठल्याही खासगी रुग्णालयात तापाचा पेशंट दाखल करायला जा, काउंटरवर तपासण्यांचं एक तयार पॅकेज समोर येतं. कुठे त्याला ‘फीवर प्रोफाइल’ म्हणतात, कुठे ‘मान्सून पॅनल’, कुठे नुसतंच ‘तापाच्या सगळ्या टेस्ट’. इथे परीक्षण केलंय ते या सेवेचं. पहिल्या दिवशीचं पॅकेज, त्यामागून डिस्चार्जपर्यंत रोज चालणाऱ्या तपासण्या आणि त्या घेण्याची पद्धत, असे तिन्ही भाग त्यात आले. एकाच रुग्णालयात जनरल वॉर्डाचा दर वेगळा आणि डिलक्स खोलीचा वेगळा असतो, त्यामुळे रुपयांची तुलना फसवी ठरते. म्हणून आम्ही नळ्या मोजल्या, मिलीलिटर मोजले, आणि प्रत्येक रिपोर्टने उपचारात काही ठरतं का, एवढं पाहिलं.

मत आधीच सांगतो. पहिल्या दिवसाचं पॅकेज अर्धं बरोबर आहे. त्यात जे नको ते आहे, आणि जे सगळ्यांत आधी हवं तेच बहुतेक वेळा नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘रोज सकाळी’ या दोन शब्दांवर चालणारा भाग मात्र या सेवेचा सर्वांत कमकुवत भाग आहे, आणि दुरुस्त करायला सर्वांत सोपाही तोच आहे.

पॅकेजमध्ये साधारण हे असतं: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरियाची स्मिअर (काचपट्टीवर रक्ताचा थर देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं) आणि कार्ड टेस्ट (रेघ उमटणारी झटपट तपासणी), डेंग्यूचे एनएस१ (विषाणूचं प्रथिन), आयजीएम आणि आयजीजी (प्रतिपिंडांचे दोन प्रकार), विडाल (टायफॉइडसाठी), सीआरपी आणि ईएसआर (दोन्ही शरीरातला दाह दाखवणाऱ्या), पूर्ण एलएफटी (यकृताच्या तपासण्या), आरएफटी (मूत्रपिंडाच्या), युरिन रुटीन. काही ठिकाणी टायफिडॉट (टायफॉइडचं कार्ड) आणि लेप्टोस्पायरोसिसचं कार्डही जोडलेलं असतं.

सीबीसी हवीच. मलेरियाची स्मिअरही हवी. पुण्यात मलेरिया डेंग्यूइतका दिसत नाही, पण प्रवास करून आलेले लोक आणि बांधकामांवरचे कामगार या शहरात भरपूर आहेत. मलेरिया ही अशी तपासणी आहे जिथे पुन्हा करायला आम्ही उलट आग्रह धरू. थंडी वाजून ताप येतोय आणि पहिली स्मिअर निगेटिव्ह आली, तर १२ ते २४ तासांच्या अंतराने आणखी दोनदा पाहायला हवी. एका निगेटिव्ह स्मिअरवर मलेरिया नाही असं ठरवता येत नाही. पॅकेजमध्ये ती ‘एकदा’ म्हणून छापलेली असते आणि एकदाच होते. जिथे पुनरावृत्तीला अर्थ आहे तिथे ती होत नाही, जिथे नाही तिथे रोज होते. हा उलटा प्रकार पुढेही दिसेल.

डेंग्यूच्या तिन्ही तपासण्या एकदम पाठवण्याचं कारण नाही. ताप कितव्या दिवसाचा आहे, यावर निवड ठरते. पहिले चार-पाच दिवस विषाणूचं एनएस१ प्रथिन रक्तात सापडतं, तेव्हा एनएस१ पाठवावी. पाचव्या दिवसापासून आयजीएम वर यायला लागतं, मग ते पाठवावं. तापाच्या दुसऱ्या दिवशी पाठवलेलं आयजीएम निगेटिव्ह येणारच, आणि मग ‘आता पुन्हा करून बघू’ म्हणत तीच तपासणी चौथ्या दिवशी दुसऱ्यांदा बिलात येते. पुण्यात राहणाऱ्या प्रौढाचं एकटं आयजीजी पॉझिटिव्ह आलं, तर पूर्वी कधीतरी डेंग्यू होऊन गेला असावा, एवढंच बहुतेक वेळा कळतं. सलाईनचा वेग त्याने बदलत नाही. एनएस१ एकदा पॉझिटिव्ह आलं की निदान झालं. ते निगेटिव्ह झालं का हे पाहायला पुन्हा पाठवण्याचा उपयोग शून्य. कार्ड टेस्ट की एलायझा (प्रयोगशाळेत यंत्रावर होणारी जास्त खात्रीची तपासणी), हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. राष्ट्रीय कार्यक्रमाचा भर एलायझावर आहे, आणि देशभरातल्या सेंटिनल (डेंग्यूवर नजर ठेवण्यासाठी नेमलेल्या) रुग्णालयांना आयजीएम एलायझाची किट जातात ती आपल्याच शहरातल्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतून. १९५२ साली व्हायरस रिसर्च सेंटर म्हणून सुरू झालेली ही संस्था पुण्यात आहे, आणि त्याच पुण्यात निदान निव्वळ कार्डाच्या एका पुसट रेघेवर ठरावं, हे मनाला पटत नाही. पुसट रेघ आली तर एलायझाने खात्री करून घ्यावी. तो खर्च वाया जात नाही.

आता विडाल. ही पॅकेजमधली सर्वांत जुनी तपासणी, १८९६ सालची. रक्तातल्या प्रतिपिंडांवर ती चालते आणि ती प्रतिपिंडं वर यायला साधारण आठवडा लागतो. म्हणजे तापाच्या तिसऱ्या दिवशी खऱ्या टायफॉइडमध्येही ती निगेटिव्ह असू शकते. उलट बाजूने, पूर्वीचा टायफॉइड, घेतलेली लस, किंवा मलेरिया-डेंग्यूसारखा दुसराच ताप असला तरी ती पॉझिटिव्ह दिसू शकते. तिला अर्थ येतो तो ७ ते १० दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन नमुन्यांत टायटर, म्हणजे प्रतिपिंडांची पातळी, चौपट वाढलं तर. पॅकेजमध्ये दुसरा नमुना कधीच नसतो. त्या एका आकड्यावर ‘डेंग्यूबरोबर टायफॉइडही आहे’ असं लिहिलं जातं, अँटिबायोटिक सुरू होतं आणि नातेवाइकांना दोन आजारांची धास्ती बसते. पॅकेजमधून एकच गोष्ट काढायची असेल तर आम्ही विडाल काढू.

आणि एकच गोष्ट घालायची असेल तर ब्लड कल्चर. टायफॉइड असो वा रक्तातला दुसरा कुठला जंतुसंसर्ग, जंतू प्रत्यक्ष वाढवून दाखवणारी तपासणी तीच, आणि कुठलं औषध चालेल तेही तीच सांगते. टायफॉइडमध्ये तिच्यात जंतू सापडण्याची शक्यता पहिल्या आठवड्यात सर्वाधिक असते. प्रौढांत प्रत्येक बाटलीला ८ ते १० मिली रक्त लागतं आणि दोन वेगळ्या जागांहून दोन संच घ्यायचे असतात. इथे रक्त वाचवायचं नाही. ३ मिली टाकून पाठवलेली बाटली निगेटिव्ह आली तर तिच्यावर विसंबता येत नाही. पण खरी चूक क्रमाची होते. पेशंट रात्री अकराला दाखल होतो, कॅज्युअल्टीतच सेफ्ट्रिॲक्सोन या अँटिबायोटिकचा पहिला डोस जातो, आणि कल्चर सकाळी लॅबवाला दादा आल्यावर घेतलं जातं. तोवर रक्तातले जंतू दबलेले असतात. कल्चरच्या बाटल्या कॅज्युअल्टीच्या कपाटात, अँटिबायोटिकच्या शेजारी ठेवल्या, तर हा प्रश्न एका दिवसात सुटतो. पेशंट शॉकमध्ये असेल तर अर्थातच औषधासाठी थांबायचं नाही, पण बाटली हाताशी असली की थांबावंही लागत नाही.

ईएसआर काढून टाकावा. तो चढायला आणि उतरायला दिवस-आठवडे घेतो, दोन दिवसांच्या तापात त्याने काही ठरत नाही. सीआरपी पहिल्या दिवशी एकदा ठीक. एलएफटीच्या आठ-दहा ओळींऐवजी बिलिरुबिन, एसजीओटी, एसजीपीटी पुरतात.

प्लेटलेटकडे येऊ, कारण पावसाळ्यातल्या पुण्यात सगळं घर या एका आकड्याभोवती फिरतं. सकाळी ३२ हजार, संध्याकाळी २८ हजार, आणि रात्री प्लेटलेटच्या पिशवीसाठी रक्तपेढ्यांची शोधाशोध. या दोन आकड्यांत बहुधा काहीच फरक नसतो. काउंटर यंत्र पेशी त्यांच्या आकारावरून मोजतं. प्लेटलेट खूप कमी असल्या की लाल पेशींचे बारीक तुकडे प्लेटलेटमध्ये मोजले जाणं, मोठ्या प्लेटलेट सुटणं, नळी नीट न हलवणं, अशा कारणांनी आकडा काही हजारांनी मागेपुढे होतोच. सकाळचा नमुना एका लॅबच्या यंत्रावर आणि संध्याकाळचा दुसऱ्या लॅबच्या यंत्रावर गेला, तर तुलनाच करू नये. काही लोकांच्या प्लेटलेट जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे) एकमेकींना चिकटतात. यंत्र तो गठ्ठा मोजत नाही आणि धडधाकट माणसाचा आकडा ४० हजार येतो. म्हणून अनपेक्षित कमी आकड्यावर पहिली कृती म्हणजे पॅथॉलॉजिस्टने काचपट्टी डोळ्यांनी पाहणं. गठ्ठे दिसले तर निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत नमुना घ्यायचा आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणायचं, कारण त्या नळीतल्या द्रवाने रक्त तेवढं पातळ होतं. रिपोर्टखाली ‘स्मिअरवर खात्री केली’ अशी ओळ आहे का, हे आम्ही प्रत्येक लॅबमध्ये पहिलं पाहतो. ती ओळ असली की त्या रात्रीच्या आणखी दोन सीबीसी वाचतात.

डेंग्यूत धोका कळतो तो बहुतेक वेळा प्लेटलेटच्या शेजारच्या रकान्यातून, हिमॅटोक्रिट म्हणजे पीसीव्ही मधून, अर्थात रक्तातल्या लाल पेशींच्या टक्केवारीतून. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागलं की रक्त घट्ट होतं आणि हा आकडा वर जातो. मूळ पातळीपेक्षा २० टक्क्यांची वाढ ही इशाऱ्याची घंटा. समजा पहिल्या दिवशी ४० होता आणि चौथ्या दिवशी ४८ झाला, तर त्या पेशंटच्या प्लेटलेट ७० हजार असल्या तरी त्याच्याकडे आधी पाहायला हवं. हे सहसा तापाच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, नेमका ताप उतरतो तेव्हा घडतं. त्या दोन दिवसांत, पोटात दुखणं, सतत उलट्या, सुस्ती अशी धोक्याची लक्षणं असतील तर हिमॅटोक्रिट ४ ते ६ तासांनी पाहणंसुद्धा रास्त आहे. इथे चार सुया म्हणजे अतिरेक नव्हे. ताप उतरून ४८ तास झाले, पेशंट जेवतोय, लघवी नीट होतेय, प्लेटलेट वर जायला लागल्यात, तर मात्र ‘दीड लाख होईपर्यंत रोज’ हा हट्ट सोडावा. रक्तस्राव नसलेल्या पेशंटला प्लेटलेट चढवण्याची मर्यादा राष्ट्रीय मार्गदर्शनानुसार १० हजारांखाली आहे. ६० वरून ७५ झालेला आकडा सकाळी सहाला कळल्याने काय बदलणार?

आता त्या ‘रोज सकाळी’कडे. पहाटे साडेपाचला वॉर्डातले दिवे लागतात. ट्रेमध्ये प्रत्येक पेशंटच्या नावाने चार नळ्या: रक्त गोठण्याच्या तपासण्यांसाठी निळी सायट्रेटची, रसायनाच्या तपासण्यांसाठी पिवळी जेलची, सीबीसीसाठी जांभळी ईडीटीएची, साखरेसाठी करडी फ्लुओराइडची. त्यात अनुक्रमे २.७, ५, ३ आणि २ मिली, म्हणजे १२.७ मिली रक्त. पाच दिवस मुक्काम असेल तर ६३.५ मिली. संध्याकाळची सीबीसी रोज जोडली तर ७८.५. यंत्राला प्रत्यक्षात किती लागतं? सीबीसीला एका मिलीचा छोटासा अंश. रसायनाच्या दहा तपासण्यांना मिळून साधारण पाव-अर्धा मिली सीरम (रक्त गोठल्यावर सुटणारं पाणी), आणि ५ मिली रक्तातून सीरम निघतं दोन-अडीच मिली. बाकीचं जैविक कचऱ्याच्या लाल-पिवळ्या पिशवीत जातं.

हे रक्त नगण्य नाही. टोरांटोच्या एका रुग्णालयातल्या मेडिसिन वॉर्डात मोजणी झाली होती, २००५ साली प्रसिद्ध झालेली. दर १०० मिली रक्त काढण्यामागे हिमोग्लोबिन सरासरी ०.७ ग्रॅमने खाली आलं. आपल्याकडे ९-१० हिमोग्लोबिनवर दाखल होणाऱ्या बायका प्रत्येक वॉर्डात असतात. त्यांच्यासाठी ०.७ म्हणजे घरी गेल्यावर लोहाच्या गोळ्यांचे आणखी काही आठवडे. आयसीयूत सेंट्रल लाइनमधून (मोठ्या शिरेत बसवलेल्या नळीतून) रक्त घेताना आधीचं ५ मिली टाकून देतात. दिवसात चार वेळा घेतलं तर २० मिली, दहा दिवसांत २०० मिली, आणि हे सगळं एकही तपासणी न होता. ते रक्त बंद नळीतूनच परत आत ढकलणारे संच मिळतात. ज्या आयसीयूत ते वापरतात तिथे सेवेला आम्ही एक श्रेणी वर ठेवतो.

नळीचं माप बदलणं हा दुसरा सरळ उपाय. जांभळी २ मिलीची, जेलची ३.५ ची, सायट्रेटची १.८ ची, सगळी बाजारात सहज मिळतात, तीच यंत्रं, तेच रॅक. कॅनडातल्या २५ आयसीयूंमध्ये लहान नळ्यांची मोठी चाचणी झाली, २०२३ साली ती प्रसिद्ध झाली. मुख्य विश्लेषणात फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही, पण सर्व रुग्ण धरून केलेल्या विश्लेषणात दर १०० रुग्णांमागे सुमारे १० पिशव्या रक्त कमी चढवावं लागलं, आणि नमुना अपुरा पडण्याचं प्रमाण नगण्य राहिलं. तरी एक चूक करू नये. मोठी नळी अर्धी भरणं म्हणजे लहान नळी नव्हे. सायट्रेटच्या नळीत ९ भाग रक्ताला १ भाग द्रव हे प्रमाण ठरलेलं असतं. ती अर्धी भरली तर पीटी-आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप) खोटं वाढतं, डॉक्टर दचकतात आणि दुसऱ्यांदा सुई बसते.

नमुना बिघडल्यामुळे होणारी पुनरावृत्ती वेगळी मोजायला हवी, कारण ती कुणी लिहून दिलेली नसते. दंडाला पट्टा मिनिटाहून जास्त बांधून ठेवला, मूठ उघडझाप करायला लावली, बारीक सुईतून सिरिंजने जोर लावून ओढलं, की लाल पेशी फुटून किंवा स्नायूंतून पोटॅशियम बाहेर येतं आणि त्याचा आकडा खोटा वाढतो. जांभळी नळी आधी भरून तेच रक्त पिवळीत ओतलं तर ईडीटीएमधलं पोटॅशियम आत जातं आणि कॅल्शियम पडतं. असा ‘पोटॅशियम ७, कॅल्शियम ५’ रिपोर्ट पाहिला की आधी नळ्यांचा क्रम विचारावा: कल्चर, निळी, पिवळी, जांभळी, करडी. सलाईन चालू असलेल्या हातातून, सलाईनच्या वरून घेतलेला नमुना हिमोग्लोबिन कमी आणि, सलाईनमध्ये ग्लुकोज असेल तर, साखर जास्त दाखवतो. जांभळी नळी आठ-दहा वेळा अलगद उलटीपालटी केली नाही तर गुठळी होते आणि लॅब नमुना परत पाठवते. पेठांमधल्या लहान नर्सिंग होममध्ये आणखी एक अडचण असते. स्वतःची लॅब नसते, बाहेरच्या लॅबचा माणूस दुचाकीवरून सकाळ-संध्याकाळ नमुने नेतो. सकाळी सहाला घेतलेली साध्या नळीतली साखर नऊपर्यंत तशीच पडून राहिली तर पेशी ती खात राहतात, दर तासाला ५ ते ७ टक्के. अशा ठिकाणी नमुना घेण्याची वेळ दुचाकीच्या वेळेला जुळवून घ्यावी, नाहीतर निदान जेलची नळी जागेवर फिरवून घेण्यापुरतं सेंट्रीफ्यूज ठेवावं. तेही रक्त गोठायला अर्धा तास दिल्यावरच.

ऑर्डर लिहिण्याच्या पद्धतीवर मात्र आमचं सर्वांत जास्त लक्ष होतं. बहुतेक रुग्णालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये तपासणी टाकताना ‘एकदा’ आणि ‘रोज’ असे दोन पर्याय असतात, आणि ‘रोज’ला शेवटची तारीख नसते. दाखल करताना रेसिडेंटने एकदा टिचकी मारली की ती डिस्चार्जपर्यंत चालते. रेसिडेंटला दोष देऊन उपयोग नाही. राउंडला मोठ्या डॉक्टरांनी ‘आजचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा) किती?’ विचारलं आणि उत्तर नसलं तर बोलणी त्यालाच बसतात. ‘आज क्रिएटिनिन का केलं?’ असं कुणी विचारत नाही. त्यातून कॅशलेसच्या फाइलला ताजा रिपोर्ट जोडलेला बरा, ही समजूत असतेच.

चांगल्या सेवेत आम्हाला काय सापडायला हवं ते सांगतो. ‘रोज’ हा पर्याय काढून ‘उद्या’ आणि ‘४८ तासांनी’ ठेवलेले असावेत. आवर्ती ऑर्डर तिसऱ्या दिवशी आपोआप बंद व्हावी. ऑर्डर टाकतानाच त्या पेशंटचा मागचा आकडा आणि तारीख पडद्यावर दिसावी. एचबीए१सी गेल्या महिन्यात झालं असेल तर सॉफ्टवेअरने अडवावं, कारण तो तीन महिन्यांच्या साखरेचा हिशेब आहे, शिवाय रक्त चढवल्यावर बिघडतो. अल्ब्युमिन (रक्तातलं मुख्य प्रथिन) रोज पाठवलं तर दिसतात ते मुख्यतः सलाईनचे चढउतार, त्याचं अर्धं आयुष्य, म्हणजे रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला लागणारा वेळ, सुमारे २० दिवसांचं. सीआरपीचं अर्धं आयुष्य १९ तासांच्या आसपास, तेव्हा ४८ ते ७२ तासांनी पाहिलं तर दिशा कळते. स्वादुपिंडाच्या दाहात लायपेज एकदा पुरतं, सोबत अमायलेज नको आणि रोज तर नकोच. हृदयविकाराच्या झटक्यासाठी ट्रोपोनिन उपलब्ध असताना सीके-एमबी जोडू नये. थायरॉइड गंभीर आजारात तसंही बिघडलेलं दिसतं. तशी शंका नसेल तर बरं झाल्यावर करावं. अमेरिकेतल्या रुग्णालयीन डॉक्टरांच्या संघटनेने २०१३ सालीच ‘चूझिंग वाइजली’ मोहिमेत हे लिहून दिलंय: पेशंट आणि त्याचे आकडे स्थिर असताना सीबीसी आणि रसायनाच्या तपासण्या पुन्हा पुन्हा करू नका.

दुसरी सोय ‘ॲड-ऑन’ची. सकाळच्या नळीत रक्त उरलेलं असतं. दुपारी मॅग्नेशियम हवं झालं तर नवी सुई कशाला? लॅबने नमुने वेळेनुसार रचून फ्रिजमध्ये ठेवले आणि वॉर्डातून फोन घेतला की झालं. बहुतेक रसायनं त्याच दिवशी जमतात, सीबीसी २४ तासांपर्यंत. एपीटीटीला (रक्त गोठण्याच्या वेळेची आणखी एक तपासणी) मात्र साधारण ४ तासांचीच मुदत, ती शिळ्या नमुन्यावर करू नये. लॅबच्या दारावर ही मुदतीची यादी चिकटवलेली असेल, तर ती लॅब मनापासून चालवली जातेय असं आम्ही समजतो.

काय कमी करू नये, हेही तितक्याच ठामपणे. लॅसिक्सचे (लघवी वाढवणाऱ्या औषधाचे) मोठे डोस किंवा पोटॅशियम चालू असेल तर पोटॅशियम रोज. व्हँकोमायसिन, अमिकासिन ही अँटिबायोटिक्स चालू असतील किंवा डायचं स्कॅन झालं असेल तर क्रिएटिनिन. मधुमेही किटोॲसिडोसिसमध्ये साखर दर तासाला, पोटॅशियम २ ते ४ तासांनी. सोडियम खूप खाली असताना ते हळूहळू वर आणायचं असतं, तिथे ४ ते ६ तासांनी तपासणी हाच उपचाराचा भाग. साधं हेपॅरिन (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) चालू असताना एपीटीटी हवंच. त्याच कामाच्या क्लेक्सेनसारख्या इंजेक्शनला नेहमीच्या पेशंटमध्ये ते लागत नाही, तरीही दोन्हींना सारखंच पाठवलं जातं.

ऑपरेशनपूर्व पॅकेजबद्दल थोडक्यात. पुण्यात अजूनही फिटनेसच्या चिठ्ठीवर बीटी-सीटी लिहिलेलं असतं, म्हणजे कानाच्या पाळीला टोचून रक्त थांबायला आणि गोठायला किती वेळ लागतो ते पाहणं. ऑपरेशनमध्ये रक्तस्राव होईल की नाही, याचा अंदाज त्यावरून येत नाही. दात काढताना, बाळंतपणात, जखमेत पूर्वी जास्त रक्त गेलं होतं का, कुठली गोळी चालू आहे, हे विचारणं कितीतरी उपयोगाचं. मोतीबिंदूसाठी सरसकट तपासण्यांचा फायदा नाही, हे १९ हजारांहून जास्त शस्त्रक्रियांच्या अभ्यासातून २००० सालीच दिसलं.

मोठी पॅकेजं स्वतःच नव्या तपासण्या जन्माला घालतात, त्याचं गणित सोपं आहे. लॅबची ‘नॉर्मल’ मर्यादा ९५ टक्के निरोगी लोकांवरून काढलेली असते. एकमेकांशी संबंध नसलेल्या २० तपासण्या निरोगी माणसावर केल्या, तर किमान एक तरी ठळक अक्षरांत छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. मग त्या एकीसाठी सोनोग्राफी, दुसरा डॉक्टर, पुन्हा रक्त.

नातेवाइकांनी तपासणी नाकारू नये. विचारावं. ‘डॉक्टर, उद्याच्या सीबीसीवर काय ठरणार आहे?’ एवढा प्रश्न पुरतो, आणि चांगले डॉक्टर त्यावर रागावत नाहीत. बहुतेक वेळा तेच म्हणतात, ‘खरंय, परवा करू.’ सिस्टरना विचारावं, ‘सकाळच्या नमुन्यावर होईल का?’ दाखल होताना गेल्या तीन महिन्यांचे रिपोर्ट सोबत ठेवावेत, व्हॉट्सॲपवर नव्हे तर कागदावर, कारण रात्रीच्या रेसिडेंटसमोर तोच कागद कामाला येतो. महाराष्ट्रात २०२१ च्या नियमदुरुस्तीनंतर रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक दर्शनी लावणं रुग्णालयांना बंधनकारक आहे, तिथे लॅबचे दर पाहता येतात.

डिस्चार्जच्या दिवशी एक गोष्ट हमखास निसटते. ब्लड कल्चरची बाटली यंत्रात पाच दिवस ठेवतात, आणि पेशंट बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या दिवशी घरी जातो. डिस्चार्ज कार्डावर ‘कल्चर रिपोर्ट बाकी’ हे शब्द, अंतिम रिपोर्टची तारीख आणि तो कुणी कळवायचा त्याचा फोन नंबर लिहून घ्यावा. ज्या रुग्णालयाच्या कार्डावर त्यासाठी छापील रकाना आहे, तिथली लॅब-सेवा आम्ही निःशंक सुचवू.